सुतळीची शेपटी

आई, आज पहिलीच्या पोरांना मी शेपट्या शिकवल्या, आणि आता चहा गार झाला तरी तुला हे पत्र लिहीत बसलेय. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होते. आपल्या घरातली एक पोरगी बीए करून शिक्षिका झाली हे तुला माहीत नाही. नवा रायपूरच्या रुंद, सुन्या रस्त्यावर बसमधून उतरून शाळेपर्यंत एकटीनं चालताना मला रोज काय वाटतं, तेही नाही.

सोबत तू पोळ्याला आणलेला मातीचा बैल नेला होता. चाकं होती त्याला, पण शेपूट नव्हतं. तेव्हा स्वयंपाकघरात बसून तू पोत्याची सुतळी चिकटवली होतीस. "शेपूट नसल्यावर माश्या कशा हाकलन बिच्चारा?" त्याच दिवशी ओट्यावर पालीचं तुटलेलं शेपूट वळवळताना पाहून मी किंचाळते, आणि तू म्हणतेस, "काहून ओरडतं वो? शेपूट भेवाले देलं तिनं, अन् जीव घेऊन पळाली. येईन नवीन." पोरांना मी हेच सांगितलं. खार थंडीत शेपूट अंगावर ओढून घेते, वानर झेप घेताना शेपटीनं तोल सांभाळतं, मासा शेपटीनं पाणी लोटत पुढं जातो. आणि कुत्रा? "खुश होता है, दीदी!" सगळा वर्ग ओरडला. मी शाबासकी देऊन मोकळी झाले.

मधल्या सुट्टीत कळलं की मागच्या पायऱ्यांखाली एका कुत्रीनं पिल्लं घातली आहेत. बैल हातात घेऊनच मी तिथं पोचले, तेव्हा वर्गातली सगळ्यात लहान पोरगी हात पुढं करून तिच्याकडे निघाली होती. "दीदी, देखो, पूँछ हिला रही है!" हलत होती खरी. पण उंच, काठीसारखी ताठ, आणि नुसतं टोक थरथरत होतं. मी धावत सुटणार, तेवढ्यात तुझा आवाज आठवला.

चौबे कॉलोनीतल्या घरांचा स्वयंपाक आटोपून आपण घरी येतोय. कोपऱ्यावर तो काळा कुत्रा उभा आहे. तू माझा हात धरतेस. "पळू नको. दात पाहू नको, शेपूट पाह्य. ताठ हाये का? मंग थांब. खाली आलं की हळूच सरक." मी विचारते, तुले भेव नाही लागत? "मले? कुत्र्याले भेली तर चार घरच्या पोळ्या कोण करन, तुह्या बाप?" मी हसते. तुझा हात हलत असतो. "पिशवी जड हाये," तू म्हणतेस.

मी पोरीच्या आणि कुत्रीच्या मधे जाऊन उभी राहिले. "हिलना मत," एवढंच बोलता आलं. कुत्री गुरगुरत होती. मी शेपटीकडे पाहत राहिले. किती वेळ, कोण जाणे. मग ती शेपटी हळूहळू खाली आली, आणि आम्ही दोघी एकेक पाऊल मागं सरकलो. पोरीला काही झालं असतं तर, आई? ती माझंच ऐकून निघाली होती. उद्या वर्गात पहिल्यांदा हेच सांगायचं आहे, की शेपूट रागानंही हलतं, भीतीनंही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तर तुला खरं सांगते. वर्गात परतताना पोरीनं माझं बोट धरलं होतं. दुसऱ्या हातात तुझा बैल. ती म्हणाली, "दीदी, आपका हाथ हिल रहा है."

मी म्हटलं, "बैल भारी है."

तो किती हलका आहे, ते तुला माहीत आहे.