पहिल्या नळीतली लाळ

४ तारीख, सोमवार
शुक्रवारी तपासणीसबाई माझ्या वर्गावर येणार. विषय: एन्झाइमचं काम अडवणारे पदार्थ, म्हणजे इनहिबिटर. तास जमला तर नोकरी कायम, नाहीतर हातात नारळ. मी अजिबात घाबरलेलो नाही. दुपारी हातातला कागद फडफडत होता, पण पंखा फुल होता.
प्रयोगाचा बेत पक्का. दोन नळ्या, दोन्हींत स्टार्च आणि आयोडीन, गडद निळं. पहिलीत नुसती माझी लाळ. लाळेतलं एन्झाइम स्टार्च फोडतं, निळा रंग जातो. दुसरीत लाळ आणि मोरचूद. एन्झाइम अडतं, निळं ते निळंच. टाळ्या.

५ तारीख, मंगळवार
बायकोवर सराव. एन्झाइम म्हणजे खुर्ची, बसायला येणारे आपण म्हणजे स्टार्च. तिच्यात मेहुणा बसला की आपण उभे, हे कॉम्पिटिटिव्ह. पण तो अधूनमधून उठतो. टपून बसलेले आपण जास्त असलो तर खुर्ची बहुतेकदा आपलीच. नॉन-कॉम्पिटिटिव्ह म्हणजे खुर्चीचा पाय मोडलेला. कितीही माणसं आणा, उपयोग शून्य. अनकॉम्पिटिटिव्ह म्हणजे आमची मांजर. रिकाम्या खुर्चीकडे ढुंकूनही बघत नाही. कोणी बसलं की मांडीवर चढते, मग उठायची सोय नाही. इर्रिव्हर्सिबल म्हणजे खुर्चीवर सिमेंट. नवी खुर्चीच आणावी लागते. शरीरालाही नवं एन्झाइम बनवावं लागतं.
बायकोला सगळं समजलं. फक्त तिच्याच भावाला का बसवलं, असं विचारत होती. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

६ तारीख, बुधवार
पोट बिघडलं. बहुधा पाणी.
बायको म्हणते, शुक्रवारी घरूनच बाटलीत लाळ न्या. हसलो. लाळ काय, माणसाच्या तोंडात चोवीस तास असते. ताजी ती ताजी.

७ तारीख, गुरुवार
उद्या.
तपासणीसबाईंनी मागे एका सरांना भर वर्गात खाली बसवलं होतं म्हणे. मी निवांत आहे. जेवलो नाही, ते हलकं वाटावं म्हणून. छातीत धडधडतंय. खरं तर खूपच.

८ तारीख, शुक्रवार, दुपार
खुर्ची उत्तम झाली. मांजरीला मुलं हसली. मग पहिली नळी तोंडाशी धरली. तपासणीसबाई चष्म्यावरून बघत होत्या. तोंडात वाळवंट. जीभ टाळूला चिकटली. खाकरून पाहिलं, गाल चोखून पाहिले, थेंब नाही. सगळा वर्ग माझ्या ओठांकडे बघत होता.
शेवटी दोन्ही नळ्यांत नुसतीच फुंकर मारली आणि लाळ टाकली असं जाहीर केलं.
दोन्ही नळ्या निळ्या. बाईंनी विचारलं, पहिलीत कुठला इनहिबिटर? मी म्हणालो, भीती, नॉन-कॉम्पिटिटिव्ह. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, सर, अडवायला आधी एन्झाइम तर हवं! ती येऊन पहिल्या नळीत थुंकली. पाच-सात मिनिटांत निळा रंग गेला. टाळ्या तिला.

८ तारीख, शुक्रवार, संध्याकाळ
मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, विषय तुम्हाला येतो, पण पुढच्या महिन्यापासून येऊ नका.
घरी बायकोने ताट वाढलं. पहिला घास हातात घेतला आणि तोंडाला पाणी सुटलं. वर्गभर नळ्यांना पुरेल इतकं.