देव्हाऱ्यातलं क्रूड

ब्राह्मणपुरी,
२६ नोव्हेंबर १९६१

चि. रूपचंद यास अ. उ. आ.

हँडल मारता मारता थांबून हे लिहितो आहे. आपलं पाण्याचं इंजिन तिसऱ्या झटक्याला पेटतं. आज सातव्यालाही पेटलं नाही, कारण बांधावर पाचसहा परगावची माणसं उभी होती आणि माझं लक्ष तिकडे होतं. वाटलं, इंजिन बघायला आली. ती आपल्या घराचा रस्ता विचारत होती. तू अंकलेश्वरहून आपल्या गावच्या धनसिंगबरोबर पाठवलेली तेलाची बाटली त्यांना बघायची होती.

मायने ती देव्हाऱ्यात ठेवली आहे, बाळकृष्णाच्या शेजारी. कुंकूही लावलं आहे. आल्यागेल्याला सांगते की माझ्या रूपचंदने हे जमिनीतून काढलं. मी म्हटलं, तिथे शेकडो माणसं आहेत आणि तुझा रूपचंद पाइप धुतो. ती म्हणाली, धुवायलासुद्धा कोणी तरी बोलवावं लागतं.

इंजिनाचं क्रूड डब्यामागे चार आणे चढलं. निवडणूक जवळ आल्याने चावडीवर रोज हाच विषय आहे. नवलसिंग सरकारपक्षाकडून बोलतो. म्हणतो, अंकलेश्वरला आपलं स्वतःचं तेल लागलं, आता परदेशी कंपन्यांचं चालणार नाही, थोडा दम धरा. मी विचारलं की अंकलेश्वर आता गुजरातेत, तेल रेल्वेच्या वाघिणींत भरून मुंबईला जातं आणि आमच्याकडे परत येतं ते चार आणे जास्त घेऊन, मग दम किती धरायचा. लोकांना पटलं होतं. तेवढ्यात नवलसिंग हसून म्हणाला की सुपडू, तुन्हा भाऊ तेल काढी ऱ्हायना नि तू नुसता धूर. त्यावर सगळी चावडी हसली. माझा मुद्दा तिथेच राहिला.

लोभ आहे तेवढा ठेव. वाढवण्याची घाई नाही.

सुपडू

अंकलेश्वर,
५ डिसेंबर १९६१

ती. दादांस रूपचंदचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाटलीची तुमच्यापेक्षा धनसिंगला जास्त धास्ती होती. वाटेत एका पोलिसाने दारू समजून बूच काढलं, वास घेतला आणि लगेच परत लावलं. म्हणे, पुढची दोन गावं तो नाक पुसत होता.

मायला सांगा, मी काही काढलेलं नाही. साहेब सांगतील तो पाइप उचलतो. नखांतला काळा रंग जात नाही, म्हणून खानावळीत चमच्याने जेवतो. रात्रपाळी संपली की तंबूत झोपतो आणि तुमच्या मळ्यातल्या बाजेची आठवण येते. तुम्हाला मायच्या हातची भाकरी, वडिलांची जमीन, वडिलांचं इंजिन. ते इंजिन आलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तुम्ही मला हँडलला हात लावू दिला नाही. हात मोडेल म्हणालात. मोडला असता तर चाललं असतं.

तेलाबद्दल तुमचं म्हणणं चुकीचं नाही. इथले साहेबही म्हणतात की देशाला लागतं त्यापुढे हे फार थोडं आहे आणि भाव इतक्यात उतरणार नाहीत. पण दादा, तुम्ही हे खरं आहे म्हणून बोलत नाही. लहान तोंडी बोललो, माफी असावी.

मायला महिनाभर इकडे पाठवाल का? तेलाच्या विहिरीवर रात्रंदिवस जळणारा वायूचा दिवा तिला दाखवायचा आहे.

तुमच्या लोभातला माझा वाटा राखून ठेवावा.

रूपचंद

ब्राह्मणपुरी,
२७ डिसेंबर १९६१

चि. रूपचंद यास अ. आ.

माय येणार नाही. थंडी आहे.

नवलसिंगने डाव टाकला आहे. चावडीवर म्हणाला, वाद कशाला, बाटलीतलं क्रूड सुपडूच्याच इंजिनात ओतू आणि बघू देशाचं तेल चालतं की नाही. लोकांनी उचलून धरलं. ७ जानेवारीला, रविवारी सकाळी, आपल्या मळ्यात सभा आहे. दोन्ही पक्षांची माणसं येतील. मी हो म्हटलं. क्रूड म्हणजे क्रूड, त्यात विचारायचं काय?

माय बाटली द्यायला तयार नव्हती. तुझ्या नावाची सभा आहे असं नवलसिंगने सांगितल्यावर तयार झाली. मी आठवडाभर मागत होतो.

केळी निसवली आहे. घड चांगले आहेत. दर सहा दिवसांनी पाणी देतो. गावात इतकी सरळ ओळ कोणाची नाही. ती बघायला मात्र परगावहून कोणी येत नाही.

मनात ठेव, तोंडावर नाही आलो तरी.

सुपडू

अंकलेश्वर,
२ जानेवारी १९६२

ती. दादांस सा. न. वि. वि.

हातातलं काम टाकून लिहितो आहे. बाटलीतलं इंजिनात ओतू नका. आपण गावात ज्याला क्रूड म्हणतो ते क्रूड नव्हे, डिझेल. मुंबईच्या कारखान्यात गाळून, तापवून, वेगळं करून आलेलं. बाटलीत आहे ते जमिनीतून निघालं तसंच. नाव एक असल्याने घोटाळा होतो, मीही इथे येईपर्यंत एकच समजत होतो. यात मेण असतं. थंडीत ते थिजतं. देव्हाऱ्यात बघा, तुपासारखं झालं असेल. गरम इंजिनात कदाचित थोडा वेळ चालेलही, पण मग आत तेल फवारणारं नोझल धरेल आणि साध्या हाताने सुटणार नाही.

सभेत सांगा की रूपचंदने नको म्हटलं. हसायचं तर मला हसतील. केळी निसवलेली असताना इंजिन बंद पडलं तर घडांचं काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

एवढं ऐका. मग रागावलात तरी लोभ आहे असं समजेन.

रूपचंद

ब्राह्मणपुरी,
९ जानेवारी १९६२

चि. रूपचंदभाऊ यांस वहिनी जसोदाबाईचे आशीर्वाद.

माझं अक्षर चौथीपर्यंतचं आहे, सांभाळून वाचा. तुमच्या दादांनी तुम्हाला कळवलं नसणार, म्हणून लिहिते.

रविवारी मळ्यात जत्रेसारखी माणसं होती. दादांनी आधी नेहमीच्या क्रूडवर इंजिन तापवलं, मग बंद करून टाकी पुसून रिकामी केली. बाटली दोन तास उन्हात ठेवली होती, तेव्हा कुठे ती ओघळू लागली. नंतर भाषण झालं. चांगलं बोलले. म्हणाले की ज्या तेलाच्या नावाने आपल्याला दम धरायला सांगतात ते बघा आता. मग हँडल मारलं. एका झटक्यात पेटलं.

पाटात पाणी आलं तशी लोकांनी तुमचं नाव घेतलं. नवलसिंगभाऊंनी ओंजळभर पाणी पिऊन सांगितलं की अंकलेश्वरचं पाणी गोड आहे. मायने डोळ्यांना पदर लावला. मी तुमच्या दादांकडे बघत होते. इंजिन इतकं छान चालू असताना त्यांचं तोंड असं का, मला समजेना.

वीसेक मिनिटांनी इंजिन खोकलं, काळा धूर टाकला आणि थांबलं. आता हँडल फिरतं, पण पेट घेत नाही. तेलाला कोणी काही म्हणालं नाही. इंजिन म्हातारं झालं म्हणाले, सुपडूने नीट ठेवलं नाही म्हणाले, आणि गेले.

नवलसिंगभाऊ त्यांच्या इंजिनाचं पाणी द्यायला तयार आहेत. हे घेत नाहीत. पाण्याची पाळी उद्याची आहे. चारपाच दिवस ओढता येतील, मग घड माना टाकतील. तुमचं एखादं पत्र वाटेत अडकलं काय? तुम्ही काहीच कसं कळवलं नाही, असं माय विचारते.

आमची माया तिकडच्या धुरात विसरू नये.

जसोदाबाई

ब्राह्मणपुरी,
१० जानेवारी १९६२

चि. रूपचंद यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाटेत अडकलं नाही. शनिवारी दुपारीच आलं. वाचलं, घडी केली आणि टोपीत ठेवलं. रविवारी भाषण केलं तेव्हा ते माझ्या डोक्यावर होतं.

मला ते बंद पडायला हवं होतं. तू बंद पडेल असं लिहिलंस म्हणूनच मी ओतलं. थोडा वेळ चालेल असंही लिहिलं होतंस, ते मी धरलं नाही. पहिल्याच झटक्याला नाही म्हणेल, सगळे बघतील, माय बघेल, आणि बाटली देव्हाऱ्यातून निघेल. एवढंच होतं मनात. भाव, निवडणूक, गुजरात हे सगळं मी वर घातलेलं पांघरूण होतं. तुला ते तिथून दिसलं, इथे कोणाला दिसलं नाही.

रोज तीन झटके घेणारं इंजिन तुझ्या तेलावर एका झटक्यात पेटलं. वीस मिनिटं मी तिथे उभा होतो. वडील गेले तेव्हाही मला इतका वेळ उभं राहावं लागलं नव्हतं.

रिकामी बाटली मायने धुऊन परत देव्हाऱ्यात ठेवली आहे.

शहाद्याचा मिस्त्री आज आला आहे. नोझल खोलून बसला आहे. तुझ्याकडे असल्या गोष्टी साफ करायचं काही औषध असेल, असं तो म्हणतो. तू येऊ नकोस. तू आलास तर इंजिन तुझ्या हाताने सुरू होईल, आणि मला पुन्हा तिथे उभं राहावं लागेल.

जसोदाला यातलं काही लिहू नकोस. लोभ असलाच तर असू दे, मी मागत नाही.

सुपडू

ता. क. ११ जानेवारी, सकाळ. नोझल सुटलं नाही, मिस्त्री काल संध्याकाळी हात पुसून गेला. जसोदाला तुला बोलावण्याची तार करायला शहाद्याला जायचं होतं. गाडी मी जुंपली.