पडद्यावरची होडी

भाऊबीज, संध्याकाळ

काल डॉक्टरांनी मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या तारांच्या टोपीखाली लावलेली जेल दोनदा न्हाऊनही केसांतून निघत नाही. असा अन्याय वैऱ्यावरही होऊ नये.

"मेंदू शांत झाला की पडद्यावरची होडी पुढे जाईल," डॉक्टर म्हणाले. गेली. पण माझ्या मेंदूने, की त्यांच्या बटणावरच्या बोटाने?

मला पाण्याची भीती (हे उपचार त्यासाठीच), म्हणून गुहागरची ताईच दर भाऊबीजेला खाडी ओलांडून माझ्याकडे येते. सगळी उलटी रीत! आज जयगडला मीच फेरीबोटीत चढलो. कठडा घट्ट धरून पडद्यावरच्या त्या लबाड होडीकडेच मन लावलं. पोचलो. तरी संशय आहेच.

ताई दारातच ओरडली, "मेल्या, तू? आणि बोटीतून?"

"ओवाळ आधी," म्हटलं आणि पाटावर बसलो. तिच्या इतक्या फेऱ्यांतली एक तरी फिटली.