जनेलाला लावलेला टॅग

बाई,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमच्यावर मनसोक्त रागवायला मला सवड मिळाली ती आत्ता, तीही नोकरीच्या वेळात. डिचोलीच्या एका कार्यालयात मी जुन्या शिक्षकांच्या वह्या संगणकावर उतरवते. नुसतं टंकन नव्हे. आमच्या एडिटरमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याआधी टॅग उघडायचा आणि तुकडा संपला की तोच टॅग बंद करायचा. हा दिवस, हे गाव, हा परिच्छेद. बंद करायचा राहिला की ओळ लाल होते. तुमची लाल शाई मला रोज आठवते ती अशी.

गेल्या महिन्यात तुमच्या भाचीने तुमच्या रोजनिशीच्या वह्या आणून दिल्या आणि त्या नेमक्या माझ्या टेबलावर आल्या. पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय, 'संध्याकाळी जनेलाशी कदेल ओढून बसले. पोदेर आला, दोन उंडे घेतले.' मी तीनदा वाचलं. जनेल? बाई, तुम्ही?

सातवीत 'माझे घर' या निबंधात मी लिहिलं होतं, 'आई सकाळी उठून जनेल उघडते.' तुम्ही मला उभं केलंत, ते वाक्य मोठ्याने वाचायला लावलंत. 'हे काय मराठी आहे? असलं घरात बोलायचं, कागदावर नाही.' जनेलावर लाल रेघ मारून तुम्ही वर 'खिडकी' लिहिलंत. सगळा वर्ग हसला. पेडण्यातल्या त्या शाळेत हसणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जनेलच होतं, खिडकी एकाच्याही घरी नव्हती.

घरी आले तर आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे. म्हणते, 'गो, तें जनेल उगड मगे, धूर भरला.' मी तिथेच उभी. 'जनेल न्हय, आई. खिडकी म्हण. जनेल चूक.' तिने पिठाचे हात झटकले. 'बाईन सांगलां? मगे तशेंच म्हणूंया.' एवढंच म्हणाली. पण पुढे शाळेत पालकांची सभा झाली तेव्हा सगळ्यांच्या मागे, पदर तोंडाशी धरून बसून राहिली. तुम्ही माझ्याबद्दल काही विचारलंत तर नुसती मान हलवली. वाटेत मला म्हणाली, 'माजें कितें तरी चुकतलें गो थंय.' घरात जिच्या तोंडाला खळ नसायची, तिची बोलती बंद झाली एका शब्दापायी.

आता आमच्या कार्यालयाचा नियम ऐका. प्रमाण मराठीत नसलेला शब्द 'चूक' या टॅगात घालायचा आणि शेजारी 'दुरुस्ती' द्यायची. वाचकाला फक्त दुरुस्ती दिसणार. खोटं कशाला बोलू, पहिला टॅग मी खुशीत मारला. <चूक>जनेल</चूक>, <दुरुस्ती>खिडकी</दुरुस्ती>. घ्या, म्हटलं. मग कदेलाची खुर्ची, तुवाल्याचा टॉवेल, पोदेराचा पाववाला. उंड्यांपाशी अडले. आमचे साहेब बाहेरून आलेले, वयाने माझ्याहून लहान. म्हणाले, 'पाव लिहा ना, मॅडम.'

'पाव वेगळा, उंडो वेगळा.'

'पण वाचकाला कळायला हवं.'

'नाही कळलं तर विचारील. आम्ही नाही का जन्मभर विचारत आलो?'

नियम काही बदलला नाही. मी परत पानाकडे बघितलं आणि माझं डोकं फिरलं. टॅगात घातलेला प्रत्येक शब्द माझ्या आईच्या तोंडचा होता. आणि मी पुन्हा एकदा तिला ओळीओळीत चूक म्हणत बसले होते, या वेळी पगार घेऊन.

चौथ्या वहीत मला तो दिवस सापडला. 'सातवीतल्या एका मुलीने निबंधात जनेल लिहिले. खोडून खिडकी केले. शब्द गोड आहे, खोडताना वाईट वाटले. पण परीक्षेत तिचे गुण जातील.'

वाईट वाटलं होतं तर मला का नाही सांगितलंत? वर्गात नको, निदान व्हरांड्यात, कानात? 'शब्द तुझाच बरोबर आहे, परीक्षेपुरता बदल', एवढं एक वाक्य. ते मी घरी नेलं असतं आणि माझी आई त्या सभेत मान वर करून बोलली असती. तुम्ही ते कुलपातल्या वहीला सांगितलंत. वहीचे काय गुण जायचे होते?

काल मी सगळ्या वह्यांतले 'चूक' आणि 'दुरुस्ती'चे टॅग काढून टाकले. साहेब विचारतील तेव्हा सांगेन, उंड्याला पाव मी म्हणणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी बसवा. टॅगांची ही जोडी मी एकाच ठिकाणी ठेवली आहे, तुमच्या त्या दिवसाच्या नोंदीत. तिथे 'खिडकी' चूक आहे आणि 'जनेल' दुरुस्ती. फाइल तपासून घेतली. एडिटर म्हणाला, दोष आढळला नाही. त्याला काय, उघडलेलं बंद झालं की त्याचं समाधान.

हे पत्र मी त्याच फाइलीत, वाचकाला न दिसणाऱ्या टिपणाच्या जागी लिहिते आहे. फाइल देण्याआधी पुसून टाकीन. फक्त एक सांगायचं राहिलं, बाई. एवढं सगळं करून काल आमोण्याला घरी गेले, दारात चप्पल काढली आणि लेकीला म्हटलं, 'खिडकी लाव गो, डास येतात.'