सात जणांत एकटा

वसुमती अक्का,

तुमच्या गळ्यातली साखळी ओढणारा माझा नवरा नव्हता. त्या वेळी थोइबा महादेवपुऱ्यातल्या क्लिनिकमध्ये एका आजींच्या गुडघ्याचा व्यायाम घेत होता. पण चोर मणिपूरकडचा दिसत होता, एवढं तुम्ही सांगितलंत आणि पोलिसांनी त्याला बेळ्ळंदूरच्या बस स्टॉपवरून उचललं. ओळख परेडला सात जण उभे केले, त्यांत तशा चेहऱ्याचा तो एकटाच. तुम्ही बोट दाखवलंत. पाच महिने तो तुरुंगात राहिला.

मी तुमच्या दारात रडले, तेव्हा म्हणालात, "सरी, ठीक आहे संहिता, पण मी डोळ्यांनी पाहिलंय."

म्हणून कोर्टासाठी फोटो मी स्वतः निवडले. आठही मणिपूरच्या पुरुषांचे. थोइबाला त्या दिवशी कोर्टाच्या खोलीबाहेरच ठेवून आमच्या वकिलांनी ते एकेक करून तुमच्या हातात दिले. दुसऱ्याला तुम्ही "हाच" म्हणालात. तो माझा दीर, बेंगळुरूला कधीच न आलेला. पाचव्यालाही "हाच". सातवा थोइबाचा होता. "छे, हा नव्हे." मागे कुणीतरी हसलं, तुम्ही तो फोटो उलटा करून ठेवलात आणि मी ते मन भरून पाहिलं.

थोइबा सुटला. आता आपल्या भागातल्या हळदीकुंकवाला तुम्ही येत नाही, बायका तुमची नक्कल करतात आणि मीही हसते. थोइबा म्हणतो, "सोड ना, म्हातारी आहे." मी सोडणार नाही.

हे पत्रही पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही माफी मागायला याल, आणि ती संधी मला तुम्हाला द्यायची नाही.

थोइबाची,
संहिता