उठा, बिशपसाहेब

फादर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षे झाली, आणि मला एक गोष्ट सांगायची आहे, जी जिवंतांपैकी कुणालाही सांगण्यास सक्त मनाई आहे. मृतांविषयी नियमावली मौन बाळगते. त्या पळवाटेतून हे पत्र. काल दुपारी दिल्लीहून पोपमहाशयांच्या प्रतिनिधींचा फोन आला. अस्मादिकांना सहायक बिशप नेमण्याचा मानस आहे. होय की नाही, ते उद्या कळवायचे. फोन ठेवला आणि पाठीमागून तुमचा आवाज आला, "उठा, बिशपसाहेब." वळून पाहिले. तुमच्या खुर्चीवर माझा टॉवेल वाळत होता.

ही पदवी मला तुम्हीच बहाल केलीत, रोमच्या कितीतरी आधी. अंधेरीच्या गावठाणातल्या या चर्चमध्ये तुम्ही प्रमुख धर्मगुरू आणि मी नवाकोरा सहायक, सेमिनरीतल्या ग्रंथभाराने किंचित वाकलेला. माझ्या पहिल्याच प्रवचनात डोक्यावरून विमान गेले. ते जाईपर्यंत मी थांबलो आणि पुन्हा 'दैवी अनुग्रहाच्या तत्त्वमीमांसे'कडे वळलो. नंतर तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटलात, "विमान बरं होतं रे."

आणि ते स्वयंपाकघर. मी बोंबलाच्या कालवणात भात कालवतो आहे. खाली दारावरची घंटा वाजते. कुणीतरी अत्यवस्थ आहे, शेवटचा तैलाभ्यंग, कपाळाला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, हवा आहे. मी सविनय निवेदन करतो, "जेवण आटोपून निघतो, फादर." तुम्ही माझे ताट उचलता, त्यावर झाकण ठेवता. "उठा, बिशपसाहेब. बिशप झालास की जेव निवांत. तिथं घंटाच नसते."

"मग आपण का नाही झालात?"

"मला ऐकू येतं ना अजून. चल, चपला घाल."

आपल्या धर्मसंस्थेची श्रेणीपरंपरा तुम्हाला कपड्यांवरून पाठ होती: काळा झगा, मग मॉन्सिन्योरची जांभळी किनार, मग बिशपची जांभळी टोपी, शेवटी कार्डिनलचा लाल. "रंग चढत जातो आणि हाका मारणारे कमी होतात," असे तुम्ही इस्त्री करता करता म्हणायचात. तुमचा झगा अखेरपर्यंत काळाच राहिला. कोपरावर तर तोही राहिला नव्हता.

सहायक बिशपाला प्रथेप्रमाणे एखाद्या लुप्त नगरीचे बिशपपद मिळते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शतकांपूर्वी वाळूत गडप झालेले गाव, नकाशावर नाही, एकही भाविक नाही. म्हणजे मी एका स्मशानशांततेचा अधिपती होणार. पदाला अत्यंत अनुरूप प्रजा. विनोद मीच केला आणि कालपासून मलाच हसू येत नाही. डोळे मिटले की त्या गावचे निर्मनुष्य रस्ते दिसतात. शेवटच्या दारात तुम्ही उभे असता, हातात झाकलेले ताट.

वांद्र्याच्या वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात तुमच्या कपाळाला तेल मीच लावले होते. तुम्ही डोळे उघडलेत. "आलात, बिशपसाहेब?" आयुष्यभर ते शब्द उच्चारताना तुम्ही हसत आलात, त्या दिवशी मात्र हसला नाहीत. मी वाट पाहिली. तुमचे डोळे मिटले. तो टोमणा होता की आशीर्वाद, एवढे एकच मला विचारायचे आहे, कारण उद्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे, असे मी कालपासून स्वतःला बजावतो आहे.

हे पत्र कुठे धाडणार? तुमच्या कबरीवर ठेवले तर माळी वाचेल आणि गुप्ततेचा भंग होईल. तेव्हा फाडण्यापूर्वी एक सांगून टाकतो. आज दार लावून मी तुमच्या खुर्चीत बसलो आणि हुबेहूब तुमच्या आवाजात स्वतःलाच म्हणालो, "उठा, बिशपसाहेब."

फादर, मी उठलो नाही. छान मागे रेलून बसलो.