पियानोवर नारळ

६ नोव्हेंबर
पियानो आला. यवतमाळात, संस्थेच्या सभागृहात, खरा लाकडी! मोठ्या शहरांत बावीस वर्षं मैफली केल्या, पण असा हरखलो नव्हतो. लोहाऱ्यापलीकडच्या तांड्यातली माझी विद्यार्थिनी पायल पहिल्यांदा खऱ्या, जड पट्ट्यांवर बसली. आजवर कीबोर्डवरच शिकली. नागपूरची पियानोची परीक्षा २९ला. अध्यक्षांना म्हटलं, उद्घाटनाला पूजा असू द्या. मी स्वतः वाजवण्याआधी कपाळ टेकवतो.

९ नोव्हें.
शिसारी. दुसरा शब्द नाही. माझ्या मनातली पूजा म्हणजे एक फूल. उद्घाटनात अध्यक्षांनी (यापुढे नुसतं अ., पूर्ण लिहायचाही कंटाळा) पियानोच्या कडेवर नारळ आपटला. पाणी थेट पट्ट्यांत. वर हळद, कुंकू. टाळ्या. मी ओरडलो तर म्हणतात, "तुमीच म्हटलं न सर, पूजा करा! आता कायले तोंड पाडून राह्यले? पाणीच हाय, वाळून जाइन."
लोक हसले. मीही. लाचारासारखा.

१२ नोव्हें.
मधल्या सहा पट्ट्या दाबल्या की खालीच बसतात. कुंकवाचा लगदा, आंबूस वास. ट्यूनिंगवाले फोनवर म्हणाले, आतलं कापड फुगलंय, डिसेंबरशिवाय येणं नाही. अ. म्हणतात, "शांती करून घेऊ का?"
घरी देवासमोर बसलो. मन लागेना. पूजा मागितली मीच, मग हे पाप...

२० नोव्हें.
हाताला वजनाची सवय हवी म्हणून पायलला त्याच पियानोवर बसवतोय. आज नीट पाहिलं. पट्टी बसली की ती करंगळीने खालून उचलते आणि पुढे जाते. लय मोडत नाही. आठ दिवस मला पत्ता नाही! रागावलो. तिचा बाप दारातून म्हणाला, "तिले नका बोलू, सर. मीच सांगतलं. वावरात वखर अडला त आम्ही उचलूनच घेतो न."


२५ नोव्हें.
परत कीबोर्डवर बसवलं. तिथे काही अडत नाही, तरी करंगळी उचलतेच. परीक्षेच्या चांगल्या पियानोवर हेच नडणार. "सर, हात आइकत नाही."
अ.चा निरोप: परीक्षेआधीच पायलचा सत्कार ठेवू, पियानोसोबत फोटो. त्यांचा वीट येतो, आणि त्यांच्यासमोर हसलेल्या माझ्या तोंडाचाही.

२९ नोव्हें.
सकाळची नागपूर बस. पायल समोरच्या सीटच्या दांड्यावर बोटं चालवतेय. मनात सूर, हात दांड्यावर. ती जागा आली. करंगळी उचलली. पायलने डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून.
कळंब गेलं. पुन्हा पहिल्यापासून.